बर्फातले हात

त्या माणसाने मला सांगितलेली एकही वेळ खरी नव्हती. हे मी रागाने म्हणत नाही. राग होता, पुष्कळ होता, आता बराच उतरलाय. माहिती म्हणून सांगते.

आम्ही लग्नांच्या फिल्मा करायचो. दुपारी चर्चमध्ये लग्न लागायचं आणि त्याच संध्याकाळी मांडवात मोठ्या पडद्यावर त्याची फिल्म दाखवायची. पाहुण्यांचा घाम अजून सुकलेला नसायचा, तोवर ते पडद्यावर दिसायला लागायचे. वसईत हल्ली याशिवाय लग्न झाल्यासारखं वाटतच नाही लोकांना. मधल्या त्या दोनचार तासांत शॉट निवडायचे, जोडायचे, गाणं बसवायचं, रंग सारखे करायचे आणि केकच्या आधी पडद्यावर हजर व्हायचं. हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. बाकीच्यांनी नुसतं जेवावं.

तर वेळ. आमचे सर नवरीच्या घरी एक वेळ सांगायचे, नवऱ्याच्या घरी दुसरी, बँडवाल्याला तिसरी आणि आम्हाला चौथी. खरी वेळ फक्त त्यांच्या डोक्यात. मी धावतपळत चर्चच्या दारात पोचायचे तर आत झाडूवाला झाडत असायचा. विचारलं की म्हणायचे, "तुला खरी वेल सांगितली असती तर तू आत्ता रिक्षात असतीस." बरं, हे मला कळलंय हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी माझी वेळ आणखी आधीची केली.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. घरी दूध नासलंय की नाही हे तिघांनी वास घेऊन सांगितलं तरी चौथा वास माझा असतो. पण सरांकडे कामाला लागल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला योग्य जागी नोकरी मिळाली.

सातिवलीला एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस होतं. खाली प्लास्टिकची बक्कलं करायचं मशीन दिवसभर ठोके द्यायचं, आणि वर आम्ही त्या ठोक्यांतून व्हायोलिन ऐकायचो. सर बसायचे कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. म्हणजे मागून कोणी पडदा बघू शकणार नाही. कोणी जिना चढतंय असा आवाज आला की मॉनिटरवर पंचा. निळ्या चौकड्यांचा, धुऊन धुऊन विरलेला. चहावाला आला तरी पंचा. मी आले तरी पंचा, आणि मी तर तिथे नोकरीलाच होते. बोलायच्या आधी उठून खिडकी लावायचे. शेजारच्या गाळ्यात रबरी चपलांचे तळवे कापायचे, त्यांना आमच्या लग्नाच्या फिल्मांत काय रस असणार, देव जाणे.

माणूस पाचूबंदरचा. घरची होडी, बाप मासेमारी करणारा, भाऊ अजून जातात. हे समुद्रावर गेले नाहीत, कारण म्हणे यांना बोट लागायची, ओकाऱ्या व्हायच्या. कोळ्याच्या पोराला बोट लागते, हे मी तोवर ऐकलं नव्हतं. ते त्यांनीच सांगितलेलं, तेव्हा खरं असेलच असं नाही. कुठल्याशा फोटो स्टुडिओत शिकले, मग व्हिडिओ, मग हा गाळा. अंगाने काटकुळे, शर्टाचे दोन्ही खिसे फुगलेले. एकात लेन्स पुसायची फडकी आणि दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. शेंगदाणे कधी कोणाला देऊ केलेले मी पाहिले नाहीत.

पंच्याखाली काय आहे, याचा छडा लावायचं मी पहिल्या महिन्यातच ठरवलं. कुठेतरी पाणी मुरत होतं. एका बुधवारी ते पाणी प्यायला उठले तेव्हा मी पंच्याचं टोक उचललं. खाली पुढच्या रविवारच्या लग्नाची फिल्म होती. पहिल्या घंटेपासून शेवटच्या फुगडीपर्यंत पूर्ण. वर नवरानवरीची नावंसुद्धा टाकलेली. लग्न रविवारी आणि फिल्म बुधवारी तयार. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात वार तपासला, खोटं कशाला सांगू.

ते मागे उभेच होते. ओरडले नाहीत. शेंगदाण्याचं साल फुंकलं आणि म्हणाले, "ते बर्फातलं हाय."

मग कळलं. जुन्या लग्नांतले निवडक शॉट त्यांनी एका डिस्कवर साठवून ठेवले होते. हलणारी घंटा, पेटती मेणबत्ती, झग्याची झालर, फादरांचा उचललेला हात, अंगठी घालणारी बोटं. प्रत्येक चर्चचे वेगळे. लग्न ठरलं की त्या चर्चचे शॉट काढायचे आणि गाण्यावर अख्खी फिल्म आधीच बसवून टाकायची. लग्नाच्या दिवशी फक्त एकेक जुना शॉट उचलून त्याच्या जागी ताजा ठेवायचा. बंदरावर मावऱ्याचं, म्हणजे मासळीचं कसं, जाळ्यातलं आलं तर ताजं, नाही आलं तर बर्फाच्या पेटीतलं. म्हणून यांच्या भाषेत जुन्या शॉटला बर्फातला शॉट. चेहरे अर्थातच ताजे. पण ज्या जागेला ताजा मिळाला नाही, तिथे बर्फातला तसाच राहायचा, आणि तो कोणाच्या लक्षातही यायचा नाही.

वसईतला सगळ्यात वेळेवर काम देणारा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. त्याचं इंगित हे. लोक म्हणायचे, हाताला काय वेग आहे. वेग कसला डोंबलाचा.

मी भांडले. म्हटलं, ही फसवणूक आहे, एकाच्या लग्नात दुसऱ्याच्या मेणबत्त्या. त्यांनी विचारलं की मेणबत्तीला आडनाव असतं का. मी म्हटलं, तुम्ही स्वतः बर्फातलं मावरं खाता का? कारण एवढं मला ठाऊक होतं, खात नव्हते. भावाच्या होडीतलं नसेल तर त्या दिवशी डाळभात. एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मावरं पोटात जातं."

एकदा तर कहर झाला. मे महिन्यातलं लग्न, आणि फिल्ममध्ये चर्चच्या छताला नाताळच्या चांदण्या लटकताहेत, चांगल्या कागदी, शेपटीवाल्या. मी मांडवात उभी राहून कपाळाला हात लावला, आता कोणीतरी उठून विचारणार. आख्खा मांडव टाळ्या वाजवत होता. घरी जाताना सर स्कूटर सुरू करता करता म्हणाले की प्रत्येक माणूस पडद्यावर स्वतःला शोधतो, तो स्वतःला दिसला की त्याची फिल्म झाली, छत कोन बघतंय. वाईट एवढंच की ते खरं होतं. त्या रात्री नवरीच्या आत्याने मला फोन करून विचारलं ते इतकंच, की माझी साडी एकदाच का दिसली.

पण मीही कोर्स करून आलेली, अंगात नवी हौस. मला एकदा तरी सगळी ताजी फिल्म करायची होती. आगाशीला एका वाडीवाल्यांचं लग्न होतं, ती फिल्म मी मागून घेतली. सर म्हणाले, घे. इतक्या सहज म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. त्या लग्नात नवरीचे आजोबा सकाळपासून मांडवाच्या दाराला केळीचे खुंट बांधत होते. आपल्याच वाडीतले, आपल्याच हाताने तोडलेले. सुंभाची गाठ मारायचे, हलवून बघायचे, सोडायचे, परत मारायचे. नातीच्या दारातली केळ पडता कामा नये. मी तो शॉट एका दमात ठेवला, मध्ये कापला नाही. त्यावर गाणंही नाही, नुसता सुंभ ओढल्याचा आवाज. आजही सांगते, फार चांगला शॉट होता.

त्याच्यापायी बाकीचं मागे पडलं. फिल्म पडद्यावर आली तेव्हा जेवण सुरू झालं होतं. वरातीमागून घोडं. लोक हातात ताटं घेऊन रांगेत, पडद्याकडे पाठ. आजोबा गाठ मारताहेत आणि समोर माणसं पापड मागताहेत. खुद्द आजोबाही आत जेवायला बसले होते. सर पडद्यासमोर एकटे उभे राहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. मग माझ्याकडे आले.

"चांगली हाय," म्हणाले. "कोनी बघितली नाय."

आणि गेले. मला नंतर राहून राहून वाटायचं की जेवण उघडायची खूण कॅटररला यांनीच केली. फिल्मच्या आधी त्यांना मी त्याच्याशी बोलताना पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाले, बिर्याणीत वाटाणा का घातला ते विचारत होतो. त्या दिवशी बिर्याणी नव्हतीच.

असा सगळा संसार. ते मला कामात ढिली समजायचे आणि मी त्यांना लबाड समजायचे. दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं. तरी मी तिथे टिकले, कारण दुसरीकडे फिल्मा याहून वाईट होत्या आणि शिवाय उशिरा मिळायच्या.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं.

आमचं गाव वसई पश्चिमेला, वाडीतलं घर. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई, मी आणि धाकटी. लग्नाच्या आधी आई विहिरीपाशी शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाकांच्या खुर्चीत बसवून थोडा वेळ मांडवात आणा, तो दारातच आहे. पण चर्च, तिथल्या पायऱ्या, एवढी लांब मिस्साची प्रार्थना, हे अजिबात नाही. लग्न पुढे ढकलायचं तर जावयाची बोटीवरची नोकरी, त्याला परत जायचं होतं. आई म्हणाली, ढकलू नका, माझ्यासाठी कशाला. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

व्हिडिओ कॉलवर दाखवू म्हटलं. लग्नाआधी चर्चमध्ये सराव असतो, त्या दिवशी करून बघितलं, तर आमच्या जुन्या चर्चच्या भिंतींतून नेटवर्क आत शिरेना. धाकटीचं तोंड अर्धं उघडं राहून गोठलं, आणि आई घरी मोबाईल हलवत बसली. तेव्हा ठरलं की संध्याकाळची फिल्म हेच आईचं चर्च. तिने आयुष्यभर गावातल्या सगळ्यांच्या पोरींची लग्नं पहिल्या बाकावर बसून बघितली होती. आपल्या पोरीच्या बोटात अंगठी जाताना तिला फक्त पडद्यावर दिसणार होती.

आणि ती फिल्म करणार होते आमचे सर. मी करवली, मला झगा घालून वेदीपाशी उभं राहायचं. मी एडिटला बसू शकत नव्हते. म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

मी त्यांच्या समोर जाऊन बसले. मॉनिटरवर पंचा पडला, मी तो उचलून घडी करून मांडीवर घेतला. सांगितलं की बाकी दुनियेला काय वाटेल ते दाखवा, या फिल्ममध्ये बर्फातला एकही शॉट नको. त्यांनी विचारलं, ताजा नाही मिळाला तर? मी म्हटलं, तर जागा रिकामी ठेवा. त्यांना ते पटलं नाही. लग्नाच्या फिल्ममध्ये रिकामी जागा म्हणजे त्यांना अपशकुन वाटत असावा. मी आईचं सगळं सांगितलं, खुब्यापासून भिंतीपर्यंत. ऐकून घेतलं, शेवटी मान हलवली. हो म्हणाले नाहीत, मान हलवली. मी पंचा परत दिला.

लग्नाच्या दिवशी मी वेदीपाशी उभी, पण डोळा कॅमेऱ्यावर. सर डाव्या खांबाला टेकून, अगदी योग्य जागी. दुसरा कॅमेरा वर गायनमंडळाच्या माळ्यावर होता, पण तिथून सगळ्यांच्या पाठीच दिसतात, त्याही बाहुल्यांएवढ्या. सगळं नीट चाललं होतं. वचनं झाली. फादरांनी अंगठ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. आणि जावयाने धाकटीचा हात हातात घेतला, त्याच क्षणी पहिल्या बाकावरून आमचा मामा उठला.

मामाने नवा मोबाईल घेतला होता. आईला दाखवायचं म्हणून, हे मला नंतर कळलं. हात पुढे करून तो चालत आला आणि थेट सरांच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. सर एका बाजूला सरकले, तर मामाही सरकला. ते दुसऱ्या बाजूला गेले, तर मामा अँगल बघत तिकडेच. मी डोळे वटारले, मामाने मलाच हात केला. अंगठ्या घालून झाल्या, आणि मामा समाधानाने जाऊन बसला. त्याच्या मोबाईलमध्ये काय आलं होतं? काही नाही. बटण दाबायचं राहिलं होतं.

काही ठिकाणी मिस्सा झाल्यावर जोडप्याला परत अंगठी घालायला लावून शॉट घेतात. आमचे फादर ते करू देत नाहीत. संस्कार एकदाच होतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच आहे. मी सरांकडे बघितलं. ते कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात बघत होते. मग मान वर केली, माझ्याशी नजरानजर झाली आणि त्यांनी नजर वळवली. मला तेव्हाच कळलं की हा माणूस आता काय करणार.

फोटो, आंदण, नातेवाईक, पाया पडणं, यातून सुटून मी त्यांना गाठायला गेले, तर त्यांना एडिटला दिलेल्या आमच्या पडवीतल्या खोलीला आतून कडी. दार वाजवलं. आतून आवाज आला की अजून खूप वेळ आहे. खूप वेळ आहे असं ते म्हणाले, म्हणजे अजिबात नव्हता.

आईला मांडवात आणलं. तिने आपलं ठेवणीतलं लाल लुगडं नेसायचा हट्ट धरला होता, दोघी बायांनी बसल्या जागी नेसवलं. खुर्ची पडद्यासमोर मधोमध लावली. मी तिच्या शेजारी बसले, झगा गोळा करून. दिवे मंद झाले.

फिल्म चांगली होती. मला मान्य करायला लागेल, फार चांगली होती. आणि ताजी होती. मी एकेक शॉट तपासत होते. मेणबत्ती आमचीच, कारण तिला दोऱ्याने फुलं मीच बांधली होती. घंटा आमची, झालर आमची. धाकटी दारातून आत येते, क्षणभर थांबते, पहिल्या बाकाकडे बघते. तिथे आई नाही. तो शॉट सरांनी कापला नव्हता, पूर्ण ठेवला होता. आईने माझं मनगट धरलं. मला वाटलं, चुकले मी. या माणसाने शब्द पाळला.

मग वचनं झाली. पाणी शिंपडलं. आणि पडद्यावर दोन हात आले, अगदी जवळून, मऊ उजेडात, आणि अंगठी सावकाश बोटात सरकत गेली.

ते हात मला पाठ होते. त्यांचं लग्न मी आजवर चार मांडवांत बघितलं होतं.

मांडवात टाळ्या. मामा सगळ्यात जोरात. फिल्म संपली, दिवे लागले, नवरानवरी केककडे निघाली. आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझं मनगट तसंच धरून ठेवलं होतं. आमच्या घरच्या बोलीत बोलली, मी इथे सरळ करून सांगते.

"हे हात कोणाचे?"

आईशी मी खोटं बोलूच शकत नाही असं नाही, पुष्कळदा बोलले आहे. पण तिने मला वेळच दिला नाही.

"आपल्या घरात कोणाची बोटं इतकी लांब नाहीत," ती म्हणाली. "ज्या पोरीची असतील तिचं भलं होवो. माझ्या पोरीचं काय झालं ते मला दाखवा."

मी उठले. पायात उंच टाचा, मांडवाचं कार्पेट, दोनदा अडखळले. सर पडद्यामागे वायरी गुंडाळत होते. मी काय बोलायचं ते चालता चालता ठरवलं होतं, आणि त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. प्रत्यक्षात एवढंच म्हटलं की आईला कळलं.

त्यांचे हात थांबले. एवढ्या वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं, हे ते माझ्याकडे न बघता बोलले. तिच्यासाठी बाकी सगळं ताजं केलं, पण अंगठीच्या जागी काळा पडदा तिने बघावा असं वाटेना, असंही म्हणाले. हे खरं की ऐन वेळचं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या बाबतीत मला असं काहीच कधी सांगता आलेलं नाही.

"खरा शॉट दाखवन्यासारखा नाय, बाय," ते म्हणाले. "नुसती तुझ्या मामाची पाठ हाय."

"मग पाठ दाखवा," मी म्हटलं.

त्यांनी कॅमेरा उचलला, कानाला लावायचे ते मोठे हेडफोन घेतले आणि माझ्यामागून आले. चाकांच्या खुर्चीपाशी कार्पेटवर चक्क मांडी घालून बसले. कॅमेऱ्याचा छोटा पडदा आईच्या मांडीवर उघडला. तेवढ्यात कॅटररचा माणूस जेवण उघडू का विचारायला आला, तर त्यांनी त्याच्याकडे न बघता थांब म्हणून हात वर केला.

"मावशी, दिसनार काय नाय," ते म्हणाले.

आईने विचारलं, आवाज आहे का. ते म्हणाले, आवाज साफ आहे, फादरांच्या माईकवरून घेतलाय. मग त्यांनी स्वतः तिच्या कानांवर हेडफोन बसवले. तिच्या अंबाड्यात मोगऱ्याची वेणी होती, ती दबू नये म्हणून वरची पट्टी जरा मागे केली, आणि बटण दाबलं.

छोट्या पडद्यावर मामाचा राखाडी कोट. सगळा पडदा भरून कोट. मधूनच खांद्यावरून फादरांचं टक्कल, एकदा धाकटीच्या डोक्यावरच्या जाळीचा कोपरा, परत कोट. मला काही ऐकू येत नव्हतं. मागे बँडवाले वाद्यं लावत होते. आई त्या कोटाकडे टक लावून बघत होती. तिने पदर डोक्यावर घेतला, चर्चमध्ये घेते तसा, हेडफोनवरूनच. पाठ ताठ केली. खुब्याला लागत असणार, पण केली.

जावई काय म्हणत होता ते मला तोंडपाठ होतं, सरावात ऐकलेलं. माझ्या प्रेमाची आणि निष्ठेची खूण म्हणून ही अंगठी घे. मग धाकटीची पाळी. तिथे तिचा आवाज फाटला होता, ती थांबली होती, आणि फादरांनी हळूच पुढचा शब्द सुचवला होता. आईचे ओठ हलले. शब्द तिनेही सुचवला. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.

हेडफोन लावलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत नाही.

"आमेन," आई म्हणाली.

आख्ख्या मांडवाला ऐकू गेलं. केकपाशी उभी असलेली माणसं वळून बघायला लागली, धाकटीने हातातली सुरी खाली ठेवली. सर खाली मान घालून बसले होते, दोन्ही हातांनी कॅमेरा आईच्या मांडीवर सरळ धरून. तो हलू नये म्हणून त्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला असावा. धाकटी झगा उचलून धावत आली आणि खुर्चीपाशी बसली. आईने हेडफोन काढले नाहीत. तिने धाकटीचा हात हातात घेतला, अंगठीवरून अंगठा फिरवला, आणि सरांना खुणेने सांगितलं, परत लावा.